रेडिओवर वाचलेली नावं

मागच्या अंकात मी किगालीतल्या एका बाईंबद्दल लिहिलं होतं. माझी मुलगी नोकरीनिमित्त रवांडात असते. तिच्याकडे मी दोनदा राहून आले. 2019 च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा तिच्या शेजारी राहणाऱ्या, घरीच शिवणकाम करणाऱ्या साठीच्या एका बाईंशी ओळख झाली. मी हौसेनं सांगितलं की माझी 32 वर्षं रेडिओत गेली. मुलीच्या सहकारी मैत्रिणीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाई मशीन चालवायच्या थांबल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुम्ही नावं वाचायचात का?"

1994 मध्ये त्यांच्या देशात एक रेडिओ केंद्र माणसांची नावं वाचत असे. कोण कुठे राहतो, कुठे लपला आहे, गाडीचा नंबर काय. ते ऐकून लोक कोयते घेऊन त्या पत्त्यावर जात. नंतर तिथे नाटक, ढोल, श्रुतिका आणि गावसभा यांतून न्यायाचं काम कसं झालं, तेही त्या लेखात होतं. शेवट मात्र बाईंच्या प्रश्नावरच केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना या वेळी उत्तरं देते आहे.

"तुम्ही लिहिता की रवांडात नाटक, ढोल, श्रुतिका आणि गावसभा यांतून न्यायाचं काम झालं. मला हे पटत नाही. माणसं मारणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. तेवढं झालं की न्याय झाला. नाटकं कशाला?"
— एक निवृत्त शिक्षक, कराड

गुरुजी, शिक्षा व्हायलाच हवी. त्याबाबत तुमच्या-माझ्यात तसूभर अंतर नाही. पण "तेवढं झालं की" म्हणताना ते "तेवढं" केवढं होतं, ते आधी बघू या.

7 एप्रिल 1994 ला सुरू झालेली कत्तल जुलैच्या मध्यापर्यंत चालली. देशाची लोकसंख्या तेव्हा 70 लाखांच्या आसपास. मेलेल्यांचे अंदाज 5 लाखांपासून 8 लाखांपर्यंत आहेत, आणि रवांडाचं सरकार 10 लाखांहून अधिक म्हणतं. बहुतेक सगळे तुत्सी, म्हणजे देशातल्या अल्पसंख्य जमातीचे. शिवाय त्यांना लपवणारे, विरोध करणारे बहुसंख्य जमातीतले हुतूसुद्धा. आणि मारणारे कोणी परदेशी सैनिक नव्हते. शेजारी, दुकानदार, शाळेतले मास्तर, ज्यांच्याकडून काल मीठ उसनं आणलं ते.

संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायाधिकरण नेमलं. ते बसलं टांझानियातल्या अरुशा शहरात. 2015 अखेर बंद होईपर्यंत त्यानं 93 जणांवर आरोप ठेवले. मंत्री, सेनाधिकारी, त्या रेडिओचे मालक-चालक अशी वरची माणसं. त्यांना सोडलं असतं तर बाकी काहीच अर्थाचं उरलं नसतं, हे मी मनापासून मानते. पण 93 चा आकडा त्या लाखांच्या शेजारी ठेवून बघा.

त्या न्यायाधिकरणातली एक गोष्ट मला रेडिओवाली म्हणून फार महत्त्वाची वाटते. तबा नावाच्या विभागाचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याच्यावर खटला चालू होता. आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. जानेवारी 1997 मध्ये एक बाई साक्ष देत होती. साक्षीदारांची नावं गुप्त ठेवायची म्हणून तिला नुसतं 'जे' म्हणत. दुसऱ्याच कशाबद्दल तरी सांगता सांगता ती आपल्या 6 वर्षांच्या मुलीबद्दल बोलून गेली. तीन न्यायाधीशांत एक बाई होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ घरातल्या नवी पिल्ले. ते वाक्य तसंच वाहून गेलं नाही, न्यायपीठानं पुढचा प्रश्न विचारला. मग दुसरी साक्षीदार बोलली. त्या उन्हाळ्यात आरोपपत्र बदललं. 2 सप्टेंबर 1998 ला निकाल लागला. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं एखाद्याला वंशसंहारासाठी दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार असू शकतं हे प्रथमच कायद्यात नोंदलं गेलं. सांगणारी होती, पण कोणी कान देऊन ऐकलं म्हणून ते सांगणं पुरावा झालं. ज्या देशात नाव उच्चारलं की माणूस मरत होता, तिथल्या बाईला बोलण्यासाठी आधी तिचं नाव झाकावं लागलं, हेही मनात येतंच.

आता बाकीचे लाखभर. देशातल्या तुरुंगांत 1990 च्या दशकाअखेर 1 लाख 20 हजारांवर माणसं कोंबली होती. नेहमीच्या न्यायालयांतून त्यांचे खटले संपायला शंभराहून अधिक वर्षं लागतील असा हिशेब निघाला. म्हणून गचाचा सुरू झाल्या. गचाचा म्हणजे गवत. पूर्वी गावातली भांडणं गवतावर बसून मिटवायची जी रीत होती, तिच्यावरून हे नाव घेतलं, पण आता ती कायद्यानं बांधलेली न्यायालयं होती. 2002 मध्ये काही ठिकाणी प्रयोग झाला, 2005 पासून देशभर. सुमारे 12 हजार न्यायालयं. न्यायाधीश गावानं निवडलेले, वकिलीचं शिक्षण नसलेले. 2012 च्या जूनमध्ये त्या बंद झाल्या तोवर 19 लाखांहून जास्त प्रकरणं निकाली निघाली होती.

गचाचांत खोट होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आरोपीला वकील नाही. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले. काहींनी जुन्या भांडणांचा सूड खोट्या आरोपांतून उगवला. आणि त्याच काळात चाललेलं यादवी युद्ध जिंकून सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या तिथे ऐकल्याच गेल्या नाहीत. ज्यांचे आईबाप त्या हत्यांत गेले त्यांना गवतावर जागा मिळाली नाही.

तरीही तिथे एक घडलं जे अरुशात घडणं शक्य नव्हतं. जिवंत राहिलेल्या किती तरी माणसांना पहिला प्रश्न शिक्षेचा नव्हताच. प्रेत कुठे टाकलंत, हा होता. कुठल्या शौचखड्ड्यात, कुठल्या केळीच्या बागेत. कबुली देणाऱ्याची शिक्षा कमी होई, म्हणून माणसं बोलली. त्या बोलण्यातून हाडं सापडली, धुतली गेली, पुरली गेली. शेजारच्या बाईंना त्यांच्या धाकट्या भावाचा ठावठिकाणा असाच लागला, 11 वर्षांनी.

मग शिक्षा भोगून ती माणसं परत आली. त्याच टेकडीवर, त्याच पाणवठ्यावर. तुमचं "तेवढं झालं की" इथे संपतं, गुरुजी, आणि त्या बाईंची सकाळ इथून सुरू होते. नळावर पुढे उभा असलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

दक्षिणेतल्या हुये गावात 2004 मध्ये ओदिल गाकिरे कातेसे या नाट्यकर्मी बाईंनी बायकांचं ढोलपथक उभं केलं, इन्गोमा न्श्या. रवांडात ढोल हा राजदरबारचा आणि पुरुषांचा मान. बायकांनी हात लावायचा नाही. पथकात विधवा होत्या, अनाथ मुली होत्या आणि तुरुंगात असलेल्यांच्या बायकाही. ढोल वाजवताना शेजारणीचा ठोका ऐकावाच लागतो, नाही तर वादन मोडतं. आपल्याकडे ताशावाल्या पोराला विचारा, तो हेच सांगेल. पुढे त्यांच्यातल्या काहींनी मिळून गावात आइस्क्रीमचं दुकानही काढलं. यानं कोणाचा भाऊ परत आला नाही, आणि कातेसेबाई तसा दावाही करत नाहीत. पण शिक्षा आणि सकाळ यांच्या मधली जागा रिकामी असते. ती कोणी तरी भरणार. तिथे 1993 साली सुरू झालेल्या, नावं वाचणाऱ्या त्या केंद्रासारखा रेडिओही येऊन बसू शकतो.

"श्रुतिका ऐकून लोकांची मनं बदलली, याला पुरावा आहे का? की आपण रेडिओवाल्यांचं कौतुक करता आहात?"
— एक वाचक, डोंबिवली

पुरावा आहे, आणि तो मला वाटला होता तसा नाही. म्हणूनच जास्त विश्वासाचा आहे.

श्रुतिकेचं नाव मुसेकेवेया, म्हणजे नवी पहाट. 2004 मध्ये सुरू झाली, दर आठवड्याला एक भाग. दोन काल्पनिक गावं, बुमांझी आणि मुहुमुरो. एकाकडे पिकाऊ जमीन, दुसऱ्याकडे कमी. आधी कुरबुर, मग पुढाऱ्यांनी पेटवलेला संशय, मग हल्ला. या गावचा मुलगा आणि त्या गावची मुलगी यांचं प्रेम. हुतू-तुत्सी हे शब्द एकदाही येत नाहीत, तसं बोलण्याला तिथे बंदीच आहे. पण कोण कोण आहे ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं. संहिता लिहिताना मानसतज्ज्ञांशी बसून ठरवलेलं की द्वेष एका दिवसात पेटत नाही, पायरी पायरीनं चढतो, आणि प्रत्येक पायरीवर कोणी तरी "नको" म्हणू शकतं, ते ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे.

एका अमेरिकन संशोधिकेनं वर्षभर त्याची पाहणी केली. काही वस्त्यांना ही श्रुतिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका. दोन्हीकडे लोक एकत्र बसून ऐकत. वर्षाअखेर असं दिसलं की लोकांची मनातली मतं फारशी बदललेली नव्हती. बदललं ते वेगळंच. आपल्या गावात काय बोललेलं चालतं, काय केलेलं शोभतं, याबद्दलची समजूत बदलली. दुसऱ्या गटात लग्न केलं तर हरकत नाही, सगळ्यांपेक्षा वेगळं मत मांडलं तरी चालतं, असं जास्त लोक म्हणू लागले.

शेवटी प्रत्येक गटाला श्रुतिकेच्या कॅसेटी आणि एक कॅसेट प्लेयर भेट दिला. हा ठेवायचा कोणाकडे? आरोग्याची मालिका ऐकलेल्या गटांत कोणी तरी म्हणालं, गावच्या अधिकाऱ्याकडे देऊ, आणि विषय मिटला. मुसेकेवेया ऐकलेल्या गटांत वाद झाला. अधिकाऱ्याकडेच का? आपण सगळ्यांनी मिळून का नाही सांभाळायचा? पाव तासाची घासाघीस असेल, पण ज्या देशात वरून हुकूम आला म्हणून शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं, तिथे अधिकाऱ्याच्या नावापुढे "का?" म्हणणं केवढी गोष्ट आहे, त्याचा विचार करा.

मला ते वाचून माझे वडील आठवले. 1956 मध्ये आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला होता. सुमारे दीडशे गावांत गट करायचे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम एकत्र ऐकायचा, मग रेडिओ बंद करून चर्चा करायची, आणि प्रश्न केंद्राला पाठवायचे. असं 10 आठवडे. वडील प्राथमिक शिक्षक, आमच्या गावचे संयोजक तेच. त्यांच्या वहीत पहिल्या आठवड्यात बोलणाऱ्यांच्या रकान्यात एकच नाव आहे, पाटलांचं. शेवटच्या आठवड्यात 7 नावं आहेत. त्यातलं एक गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं. कार्यक्रम खतांवर होता. खतांचं काय झालं ते वहीत नाही.

त्यामुळे कौतुक रेडिओचं नाही हो. रेडिओ बंद केल्यावर जे सुरू होतं त्याचं आहे. नावं वाचणाऱ्या त्या दुसऱ्या रेडिओनं, आरटीएलएमनं, उलटं केलं. जुलै 1993 मध्ये सुरू झाला, चांगली गाणी, चुरचुरीत विनोद, श्रोत्यांचे फोन. तुत्सींना झुरळं म्हणायचा. लोक हसले, आणि कोणी रेडिओ बंद करून "हे काय बोलतात?" असं शेजाऱ्याला विचारलं नाही, किंवा विचारायचं धाडस उरलं नाही.

"आम्ही यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी रवांडावर एकांकिका बसवतोय. मी कत्तलीतून वाचलेल्या मुलीची भूमिका करणार आहे. शेवटी स्टेजवर कोयत्यांचा प्रसंग आहे, लाल लाइट. तुम्ही काही सुचवाल का?"
— एक विद्यार्थिनी, नाशिक

हा विषय तुला घ्यावासा वाटला, याचंच मला बरं वाटलं. पण कोयते काढून टाक.

सांगते का. त्या एप्रिलमध्ये मी स्मरणाच्या एका कार्यक्रमाला गेले होते. तिथे त्याला क्विबुका म्हणतात, आठवणं. कोणी तरी साक्ष सांगत होतं, साध्या आवाजात. माझ्या पुढच्या रांगेतली एक तरुण बाई एकाएकी किंचाळू लागली, हातपाय ताठ. मदतनीस मुलं धावत आली, तिला अलगद उचलून बाहेर नेलं. त्यासाठीच ती तिथे उभी असतात. तिकडे त्याला शब्द आहे, इहाहामुका, भीतीनं श्वास अडकणं. ती बाई 1994 मध्ये चार-पाच वर्षांची असेल. नाशिकच्या प्रेक्षागृहात असं कोणी नसेल म्हणशील. पण कोणाच्या अंगावर काय गेलंय ते तुला तिकीटखिडकीवर कळत नाही. आणि लाल लाइटला टाळ्या पडतात. त्या टाळ्या कशाला पडल्या, याचं उत्तर तुला देता येणार नाही.

दुसरं, "मी" कोण म्हणतंय ते ठरव. बेल्जियममधल्या एका नाट्यसंस्थेनं 2000 साली याच विषयावर सहा तासांच्या आसपासचं नाटक केलं. सुरुवातीला रंगमंचावर एकटी बाई खुर्चीवर बसून बोलते. ती नटी नाही. योलांद मुकागासाना, व्यवसायानं परिचारिका, जिचा नवरा आणि मुलं मारली गेली, ती स्वतः. 2004 मध्ये ते नाटक रवांडात नेलं आणि तिथल्या लोकांसमोर केलं. म्हणजे ज्यांची गोष्ट त्यांच्यापुढे उभं राहण्याची तयारी ठेवली. तू वाचलेल्या मुलीचा अभिनय करशील, चांगलाही करशील, पण ती वेदना तुझ्याकडे उसनी आहे. उसनी वस्तू वापरताना जेवढी काळजी घेतो तेवढी घे.

मला विचारशील तर भूमिकाच बदल. स्टुडिओतला तंत्रज्ञ हो. माइक समोर आहे, निवेदक आत बसलाय, कागदावर नावं आहेत, बटण तुझ्या हाताखाली आहे. किंवा घरात रेडिओ ऐकणारी हो, विनोदाला हसणारी, आणि तिसऱ्या नावाला तिला कळतं की हे आपल्या गल्लीतलं आहे. ही माणसं तू समजू शकतेस. ती आपल्या इथेही आहेत.

आणि प्रयोगानंतर दिवे लावून अर्धा तास प्रेक्षकांशी बस. स्पर्धेत वेळ देत नाहीत हे मला माहीत आहे. मग कॉलेजात वेगळा प्रयोग करा आणि तिथे बसा. पहिला प्रश्न यायला वेळ लागेल. ती शांतता भरू नकोस. रेडिओत आम्हाला शांततेची भीती वाटायची, तीन सेकंद गप्प राहिलं की वरून फोन. तुला तशी सक्ती नाही.

"कलावंत माणसं जोडतात, राजकारणी तोडतात. जगात कवी-गायकांचं राज्य असतं तर असं झालं नसतं, नाही का?"
— एक वाचक, पणजी

तुमची भावना मला कळते, पण हे खरं नाही. सिमों बिकिंदी हा रवांडातला लाडका गायक होता. त्याची गाणी आरटीएलएमवर सतत वाजत. किगालीच्या त्या बाई अजूनही म्हणतात की चाली सुंदर होत्या, आणि तेच त्यांना सोसत नाही. 2 डिसेंबर 2008 ला अरुशाच्या न्यायाधिकरणानं त्याला 15 वर्षांची शिक्षा दिली. ती गाण्यांसाठी नव्हे. काही गाणी द्वेष चेतवणारी होती असं न्यायालयानं नोंदवलं, पण शिक्षा झाली ती जून 1994 मध्ये गाडीवर भोंगा लावून, रस्त्यानं जाताना तुत्सींना संपवा असं लोकांना चिथावल्याबद्दल. गाणं आणि गुन्हा यांच्यात कुठे रेघ ओढायची, यावर न्यायाधीशांना पानंच्या पानं लिहावी लागली. ती त्यांनी जपून ओढली हे मला पटतं.

आणि दुसरा गायक, किझितो मिहिगो. स्वतः तुत्सी, वडील 1994 मध्ये मारले गेले. सरकारी स्मरणसोहळ्यांत गायचा. 2014 मध्ये त्यानं एक गाणं केलं, ज्यात वंशसंहारात नव्हे तर त्यानंतरच्या सूडात मेलेल्यांसाठीही करुणा मागितली होती. काही आठवड्यांत त्याला अटक झाली, पुढे 10 वर्षांची शिक्षा झाली. 2018 मध्ये माफी मिळून सुटला. फेब्रुवारी 2020 मध्ये पुन्हा पकडला गेला आणि पोलिस कोठडीत मृतावस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या सांगितली. मानवी हक्क संघटनांनी स्वतंत्र चौकशी मागितली.

एकाच देशातले दोन आवाज. गोड गळ्यावर भरवसा ठेवू नका, तो कोणाची नावं घेतोय आणि कोणाची गाळतोय ते ऐका. मिहिगोनं इतरांनी गाळलेली नावं घेतली होती.

"किगालीच्या बाईंनी विचारलं, 'तुम्ही नावं वाचायचात का?' त्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलंच नाही. माझ्या आईला ते कळल्याशिवाय चैन नाही."
— एक वाचक, सावंतवाडी

आईंना नमस्कार सांगा. लिहायचं धैर्य झालं नव्हतं, म्हणून राहिलं.

मी "हो" म्हणाले. कारण ते खरं होतं. 'आपली आवड'मध्ये मी कित्येक वर्षं फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली. पोस्टकार्डांचा गठ्ठा समोर असायचा. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका अमुक, आणि घरातल्या सगळ्यांची नावं, अगदी रांगणाऱ्या बाळापर्यंत. एकही गाळू नये म्हणून मी धडपडायची, कारण त्या घरात सगळे रेडिओभोवती कान लावून बसलेले असणार.

मैत्रिणीनं हे समजावून सांगायला बराच वेळ घेतला. बाईंनी पुन्हा विचारलं, "म्हणजे नाव लागलं की घरात आनंद व्हायचा?" मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, वाचून दाखवा.

माझ्याजवळ पोस्टकार्ड थोडीच होती. जी आठवली ती म्हटली, माझ्या रेडिओच्या आवाजात, त्या छोट्या खोलीत. मिरजहून सुमन, शोभा, बाळू आणि आजी. चिपळूणहून अनंत, सुलभा, पिंट्या. पाच-सहा घरं झाली असतील.

मग त्या बोलू लागल्या. मैत्रिणीनं पहिली दोन वाक्यं भाषांतर करून सांगितली आणि थांबली, कारण पुढे नुसती नावंच होती. एकेक नाव, मग थोडं थांबून दुसरं. कोण आई, कोण भाऊ, मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. शेवटचं नाव घेऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.